हंड्यातला नमुना

घोडपदेवच्या ज्या चाळीत मी चार वर्षं राहिले, तिच्या आवारातल्या नळाशेजारी काही आठवडे माझ्या सहीचा एक कागद लावलेला होता. चाळीच्या सेक्रेटरी काकांनी तो दादरला जाऊन लॅमिनेट करून आणला होता आणि चारी कोपऱ्यांना खाकी टेप मारून भिंतीला चिकटवला होता. वर 'विहिरीच्या पाण्याचा तपासणी अहवाल', खाली रकाने, बहुतेकांपुढे 'मर्यादेत', शेवटच्या काही ओळींपुढे 'आढळले नाही', आणि तळाशी विश्लेषक म्हणून माझी सही. कामावर जाता-येता मी त्या कागदाकडे बघत नाही असं दाखवायची आणि रोज बघायची.

आमच्या घरात सही करण्याजोगं काम माझ्याआधी कुणाला मिळालं नव्हतं. वडिलांचं तालुक्याच्या गावी एसटी स्टँडसमोर सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. पत्र्याची टपरी, हवा भरायचा पंप आणि पंक्चर शोधायला पाण्याचं एक घमेलं. त्या घमेल्यातलं पाणी ते आठ-आठ दिवस बदलत नसत. आमच्याकडे उन्हाळ्यात टँकर चौथ्या दिवशी यायचा. तांदूळ धुतलेलं पाणी शेजारच्या शेळीला, भांड्यांचं पाणी लिंबाच्या झाडाला, हे आम्हाला कुणी शिकवलं नाही, ते होतंच. शाळेतल्या सरांनी माझे फॉर्म स्वतः भरले, कॉलेजातल्या सरांनी परळच्या एका खासगी प्रयोगशाळेत माझ्यासाठी शब्द टाकला, आणि मी रसायनशास्त्राची पदवी घेऊन मुंबईत आले. पिण्याचं पाणी तपासायचं काम. माझा फोन चालू असतानाच आई शेजारणीला सांगायची, "आमची मुलगी पाणी चांगलं की वाईट ते सांगते." मला ते ऐकून फार मोठं वाटायचं.

राहायला मिळालं ते काकींच्या घरी. काकी मूळच्या मालवणकडच्या. त्यांचे यजमान गिरणीत होते, ते गेले. घरात त्या, त्यांचा मुलगा, त्याला मी दादा म्हणायची, आणि त्याची बायको, म्हणजे वहिनी. तिसऱ्या मजल्यावरची एक खोली, त्यात लाकडी माळा, माळ्यावर मी. पहिल्या दिवशीच काकींनी सांगितलं होतं, "हंय रवतलंस तर घरातलां होऊन रव. पाहुणी म्हणून रवलंस तर माका जमूचां नाय." मी घरातली झाले.

त्या वर्षी शेजारच्या आवारात मोठ्या इमारतीसाठी खड्डा खणायला सुरुवात झाली. तिथे पूर्वी यंत्रं दुरुस्त करायचं कारखान्यासारखं काहीतरी होतं, ते बंद होऊन कित्येक वर्षं झाली होती. खणकाम सुरू झालं आणि आमच्या नळाला गढूळ पाणी येऊ लागलं. कधी चहासारखं, कधी नुसती हवा. तक्रारी झाल्या, माणसं येऊन बघून गेली, पण पाइप कुठे दबलाय ते लवकर सापडेना.

चाळीच्या आवारात एक जुनी विहीर होती, सगळे तिला बावडी म्हणत. तिच्यावर मोटार होती आणि ते पाणी धुण्या-पुसण्याला वापरत. आता म्हाताऱ्या बायका म्हणू लागल्या, आमच्या सासवांच्या वेळी अख्खी चाळ हेच पाणी प्यायची. मग सेक्रेटरी काका एका संध्याकाळी वर आले. गॅलरीतच उभे राहून म्हणाले, "तुमच्याकडे ती लॅबवाली मुलगी राहते ना? तिला म्हणावं, बावडीचं पाणी तपासून दे. घरचीच आहे, तर घरचं काम होऊन जाईल."

मी आनंदाने हो म्हणाले. एवढंच नाही, तर मी स्वतःहून आमच्या प्रयोगशाळेतल्या मॅडमना विचारलं की शेजारी जुना कारखाना होता, तेव्हा सॉल्व्हंटही तपासू या का. सॉल्व्हंट म्हणजे यंत्रांच्या भागांवरचं तेल आणि ग्रीस धुवून काढायची रसायनं. ती जमिनीत झिरपली की वर्षानुवर्षं खाली राहतात. मॅडमनी मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "चांगला विचार केलास. नमुना नीट घे." मला तेव्हा आपण फार हुशार आहोत असं वाटलं होतं.

नमुना कसा घ्यायचा ते मला पाठ होतं. मोटार दहा मिनिटं चालू ठेवायची, पाइपात साचलेलं पाणी सोडून द्यायचं. मग काचेची छोटी बाटली, आम्ही तिला व्हायल म्हणतो, नळाखाली धरून शिगोशीग भरायची. आत हवेचा एक बुडबुडाही राहता कामा नये. लगेच झाकण लावून बर्फात ठेवायची. ही रसायनं पाण्यात राहायला फारशी राजी नसतात. हवा मिळाली की उडून जातात.

रविवारी सकाळी मी खाली गेले. बावडीच्या नळापुढे बायकांची रांग होती, हंडे, कळश्या, बादल्या. मी सेक्रेटरी काकांना म्हणाले, "मोटार दहा मिनिटं चालू ठेवा, पाणी सोडून द्यायचंय."

"सोडून म्हणजे?"

"गटारात."

रांगेतली पहिली बाई हसली. "ऐकलंत का? आम्ही इथे कळशीसाठी पहाटेपासून उभ्या, आणि या बाईसाहेब गटाराला पाणी पाजणार."

मी नळ सोडला. पाणी सिमेंटवर आपटून गटाराकडे धावलं. मी ते बघत उभी राहिले. अर्धं मिनिटही झालं नसेल. कुणी काही बोलण्याआधी माझाच हात पुढे गेला आणि मी नळ बंद केला.

काकी माझ्या मागेच होत्या. म्हणाल्या, "अगो, वर हंडो भरलेलो आसा. कालच बावडीचां पाणी भरून ठेवलंय, गाळ बसाक. तेच्यातलां घे. पाणी तां पाणीच, नळातलां काय आणि हंड्यातलां काय."

मला सुटका झाल्यासारखं वाटलं. वर गेले. तांब्याचा हंडा, तोंडावर पांढरं फडकं. आदल्या संध्याकाळी काकींनी ते पाणी कळशीतून उंचावरून त्या फडक्यावर ओतून गाळलं होतं. मी पळीने व्हायल्स भरल्या, अगदी शिगोशीग, बुडबुडा नाही. त्या बर्फात ठेवल्या. आमच्या फॉर्मवर एक रकाना असतो, 'नमुना कुठून घेतला'. तिथे मी स्वच्छ अक्षरात लिहिलं, 'विहीर'. खोटं लिहितेय असं मला वाटलं नाही. पाणी विहिरीचंच तर होतं.

अहवाल आला. जंतूंसाठी क्लोरीनचे थेंब टाका असं त्यात होतं, पाणी थोडं जड होतं, आणि सॉल्व्हंटच्या ओळींपुढे 'आढळले नाही'. सेक्रेटरी काकांनी तो चाळीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला. अंगठ्यांची रांग लागली. मी फोटो काढून वडिलांना पाठवला. त्यांना त्यातले रकाने कळत नव्हते, पण सही ओळखता आली. त्यांनी तो दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला दाखवला, माझ्या शाळेच्या सरांनाही.

त्या अहवालाच्या भरवशावर चाळीने आणखी एक काम केलं. मोटारीपासून वर पाइप नेऊन प्रत्येक मजल्याच्या गॅलरीत एक नळ काढला. आता खाली रांग नको. नळाखाली बाटली धरली की ताजं, गार पाणी.

वहिनीला तेव्हा सहावा लागला होता. आधी एकदा तिचं मूल राहिलं नव्हतं, चौथ्याच महिन्यात गेलं होतं. त्याबद्दल घरात कुणी बोलत नसे, पण काकी तिला जड काही उचलू देत नसत आणि दादा रोज कामावरून येताना तिच्यासाठी शहाळं आणायचा. हंड्यातलं पाणी तिला शिळं लागायचं. ती प्लास्टिकच्या बाटल्या गॅलरीतल्या नळाखाली भरून, झाकण घट्ट लावून, उशाशी ठेवायची. डॉक्टरीणबाईंनी भरपूर पाणी प्यायला सांगितलं होतं आणि ती सांगितलेलं सगळं करत होती.

चार-पाच दिवसांनी ती मला म्हणाली, "तुला या पाण्याला वास येतो?"

मी बाटली नाकाशी धरली. मला प्रयोगशाळेत दिवसभर कसले कसले वास येतात, माझं नाक मेलेलं आहे. "नाही येत."

"लाँड्रीतून शालू आणल्यावर येतो ना, प्लास्टिकमधून काढताना? तसा येतो."

काकी गॅसपाशी होत्या, त्याला त्या अजून चूलच म्हणत. त्या हसल्या. "पोटुशीक सगळ्याचोच वास येता. माका तर माझ्या घोवाचो येय होतो."

वहिनीही हसली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "पण तू तपासलंयस ना?"

"तपासलंय," मी म्हणाले. "काही नाही त्यात."

तिने माझ्यासमोर अर्धी बाटली संपवली.

दीड महिना गेला. एका दुपारी आमच्या प्रयोगशाळेच्या खिडकीशी दादरच्या एका सोसायटीचे वयस्कर गृहस्थ आले. पांढरा शर्ट, खिशाला पेन, हातात शीतपेयाची अर्धी भरलेली बाटली. सोसायटीच्या बोअरिंगचं पाणी त्यांनी आणलं होतं आणि त्यांना सॉल्व्हंट तपासून हवं होतं. मी त्यांना सांगितलं, हा नमुना चालणार नाही.

"का चालणार नाही? काल संध्याकाळी आमच्या टाकीतून मी स्वतः भरलाय. ही बाटली चार वेळा धुतली."

"बाटलीचा प्रश्न नाही, काका. पाणी आधी टाकीत उघडं होतं, मग बाटलीत अर्ध्यापर्यंतच भरलंय."

"अहो, पण पाणी ते पाणीच ना? टाकीतलं काय आणि बोअरिंगचं काय?"

मी त्यांना समजावू लागले. हे मी महिन्यातून दहा वेळा समजावते, वाक्यं आपोआप येतात. "तसं नाही. ही रसायनं उडून जाणारी असतात. पाणी वरून ओतलं, उघड्या भांड्यात रात्रभर ठेवलं, की ती हवेत निघून जातात. मग आम्ही तपासतो तेव्हा काहीच सापडत नाही आणि तुम्हाला वाटतं पाणी चांगलं..."

तिथे मी थांबले.

मला अजून आठवतं, माझा हात काउंटरवरच्या फॉर्मवर होता आणि बोट नेमकं 'नमुना कुठून घेतला' या रकान्यावर होतं. ते गृहस्थ काहीतरी बोलत होते. मला त्यांचे ओठ हलताना दिसत होते. माझ्या डोळ्यांपुढे तांब्याचा हंडा होता, पांढरं फडकं, आणि कळशीतून पडणारी धार.

"बाई, तुम्हाला बरं वाटत नाहीये का?" त्यांनी विचारलं. "बसा, बसा जरा."

मी त्यांना रिकाम्या व्हायल्स दिल्या, कशा भरायच्या ते सांगितलं. माझा आवाज मला दुसऱ्या कुणाचा तरी वाटत होता. ते गेल्यावर मी मॅडमना एवढंच म्हणाले की मला तातडीने एक नमुना आणायचाय. थर्मोकोलचा डबा, बर्फाच्या पिशव्या आणि सहा व्हायल्स घेऊन मी टॅक्सीत बसले. परळहून घोडपदेव फार लांब नाही. त्या अंतरात मी एकच हिशेब परत परत करत होते, रोज तीन बाटल्या, दीड महिना.

घरी पोचले तेव्हा वहिनी गॅलरीत खुर्ची टाकून बसली होती, मांडीवर लसूण सोलायला घेतलेला, पायाशी बाटली. मी ती बाटली उचलली.

"काय गं, इतक्या लवकर? आणि माझी बाटली कुठे नेतेस?"

"आजपासून हे पाणी प्यायचं नाही. विकतचं मागव दादाला सांगून."

"का? काय झालं?"

"मला अजून माहीत नाही. उद्या सांगते."

तिने माझ्या चेहऱ्याकडे बघितलं. तिच्या हातातली लसणाची पाकळी तशीच राहिली. दुसरा हात तिने पोटावर ठेवला.

मी खाली जाऊन मोटार चालू केली आणि विहिरीजवळचा नळ पूर्ण सोडला. पाणी गटाराकडे धावायला लागलं. पहिल्या मजल्यावरून कुणीतरी ओरडलं, "नळ कुणी सोडलाय?" खाली कपडे धुणाऱ्या दोन बायका उठून आल्या. एक म्हणाली, "अगं, नळ चालूच ठेवलास. शिकलेली माणसं अशी वागायला लागली तर..." तिने नळाकडे हात नेला. मी तो धरला.

"दहा मिनिटं, मावशी. प्लीज."

"वेडबीड लागलंय की काय हिला."

मी घड्याळाकडे बघत उभी राहिले. दहा मिनिटं पाणी वाया जाताना बघायचं, हे मी आयुष्यात पहिल्यांदा केलं. हात बंद करायला पुढे जाऊ नये म्हणून मी ते ओढणीत गुंडाळून ठेवले होते. मग एकेक व्हायल भरली. डोळ्यांसमोर धरून उलटी करून बघितली. बुडबुडा नव्हता.

या रसायनांसाठी आमच्याकडे एक यंत्र आहे. पाण्यात काही असलं तर पडद्यावरच्या सपाट रेषेवर एक टोक उभं राहतं. दुसऱ्या दिवशी मी आणि मॅडम पडद्यासमोर बसलो होतो. रेषा बराच वेळ सपाट गेली. मला वाटायला लागलं की काही नाही, मी उगाच घाबरले. मग ती रेषा वर चढायला लागली आणि चढतच राहिली. मॅडमना पडद्यावरची मोजपट्टी वाढवावी लागली, कारण टोक पडद्याबाहेर गेलं. ड्रायक्लीनिंगला वापरतात तेच रसायन. कारखान्यात ग्रीस धुवायलाही तेच वापरतात. मर्यादेचा आकडा त्याच्यापुढे अगदी किरकोळ दिसत होता.

मॅडमनी चष्मा काढला. "पहिला नमुना कुठून घेतला होतास?"

"हंड्यातून."

"फॉर्मवर विहीर आहे."

"हो."

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी जुनी फाईल काढली, माझ्या अक्षरातला तो शब्द बघितला आणि फाईल मिटली. म्हणाल्या, "घरात कोण कोण आहे?"

मी सांगितलं. वहिनीबद्दल सांगितलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. म्हणाल्या, "तिला त्या खोलीतून आधी बाहेर काढा. हंड्यातून उडून जातं म्हणजे नाहीसं होत नाही. त्या खोलीच्या हवेतच जातं."

हे मला माहीत होतं. पाठ होतं. पण दहा बाय बाराची ती खोली, कोपऱ्यातला हंडा आणि त्याच्यापासून हातभर अंतरावर वहिनीची उशी, हे चित्र मी त्या क्षणापर्यंत एकत्र पाहिलं नव्हतं.

संध्याकाळी सेक्रेटरी काकांनी आवारात सगळ्यांना बोलावलं. त्याआधी मी त्यांना नवा अहवाल दाखवला. त्यांनी आधी भिंतीकडे बघितलं. "अगं, पण लॅमिनेट केलंय ते," ते म्हणाले. मग आवाज खाली आणून, "हे बघ, तू आमच्या घरची मुलगी. लोकांना सांगू या, मशीन बिघडलं होतं म्हणून. मशीन काय, कुणाचंही बिघडतं."

मला त्यांचे उपकार वाटले. क्षणभर मी तसं बोलायलाही तयार झाले होते. पण आवारात उभी राहिले तेव्हा कळलं की ते चालणार नाही. पहिल्या मजल्यावरचे एक काका सुरुवातीलाच म्हणाले, "म्हणजे आधी चांगलं, आता वाईट. तिसऱ्यांदा तपासलं तर? बेस्ट ऑफ थ्री ठेवायचं काय?"

लोक हसले. कालची ती नळ बंद करायला आलेली बाई म्हणाली, "आम्ही दीड महिना पितोय. काय झालं आम्हाला? उभ्या आहोत की."

"आणि मशीन एकदा बिघडतं तर दोनदा पण बिघडेल," आणखी कुणीतरी म्हणालं. सेक्रेटरी काकांनी बहुतेक आधीच कुणाच्या तरी कानात घातलं होतं.

त्या क्षणी लोक घरी जाऊन त्याच नळाखाली बाटल्या भरतील हे मला स्पष्ट दिसलं. मी म्हणाले, "मशीन बिघडलं नव्हतं. चूक माझी आहे."

मग मी सगळं सांगितलं. नळ सोडला, पाणी वाया जाताना बघवलं नाही, बंद केला. हंड्यातलं घेतलं. फॉर्मवर विहीर लिहिलं. हंड्यातलं पाणी गाळलेलं, रात्रभर उघडं, म्हणून त्यातलं विष आधीच उडून गेलं होतं आणि यंत्राला सापडलं नाही. गॅलरीतल्या नळाचं पाणी तुम्ही ताजं पिता, त्यात ते सगळं असतं. बोलताना माझी नजर जमिनीवर होती. कुणी हसत नव्हतं.

"पाणी वाचवायला?" मघाचे काका म्हणाले. "एक बादली पाणी वाचवायला?"

"हो."

"मग शिकलीस कशाला?"

मी हातातला नवा अहवाल त्यांच्यापुढे धरला.

तेवढ्यात काकी पुढे आल्या. मला वाटलं त्या मला वर घेऊन जायला आल्यात. त्या सगळ्यांकडे वळून म्हणाल्या, "हंडो माझो होतो. तेच्यातलां घे म्हणून मीच सांगितलां तिका. बोलूचां तर माका बोला. आणि उद्यापासून जो बावडीचां पाणी भरीत, तेच्या दारात येऊन मी बसतलंय."

मग वहिनी बोलली. ती जिन्याच्या खालच्या पायरीवर बसली होती. तिचा आवाज चढलेला नव्हता. "मी म्हणत होते वास येतो. मला सगळे हसले." ती माझ्याकडे बघत नव्हती. "मी हिला विचारलं होतं. ही म्हणाली, काही नाही त्यात."

सेक्रेटरी काका भिंतीपाशी गेले आणि टेपचा कोपरा नखाने उचलू लागले. टेप पक्की बसली होती, कागदाबरोबर भिंतीचा रंगही निघाला.

मोटारीला त्याच संध्याकाळी कुलूप लागलं. दोन दिवसांनी पाणी खात्याची माणसं स्वतःचे नमुने घेऊन गेली, सकाळचा टँकर सुरू झाला आणि नंतर महिन्याभरात दबलेला पाइपही सापडला. चाळीतल्या सगळ्यांनी तपासण्या करून घेतल्या. शेजारच्या खड्ड्यातून पाणी उपसत होते, त्यामुळे खालचं जुनं साठलेलं विहिरीकडे ओढलं गेलं असावं असं मॅडमचं म्हणणं. नक्की कुणी सांगू शकलं नाही.

वहिनीचं डोहाळजेवण चाळीच्या गॅलरीत करायचं काकींनी ठरवलं होतं. ते झालं नाही. आवारातल्या त्या बैठकीच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी दादाने तिला शीवला माहेरी सोडलं. मी डबे आणि कपड्यांची पिशवी खाली नेली. टॅक्सीत बसताना तिने पिशवी माझ्या हातातून घेतली आणि दार लावलं. तिच्या डॉक्टरीणबाईंना मी दोन्ही अहवाल नेऊन दिले. त्यांनी सोनोग्राफी केली, रक्त तपासलं. मला म्हणाल्या, "आत्ता तरी सगळं ठीक दिसतंय. पण दिसतंय एवढंच मी सांगते. लक्ष ठेवू."

वडिलांना मी फोनवर सांगितलं. मागे पंपाचा आवाज येत होता, कुणीतरी सायकलमध्ये हवा भरत होतं.

"हंड्यातलं का घेतलंस?"

"पाणी वाया जात होतं, अण्णा."

ते म्हणाले, "मीही बंद केला असता नळ." आणि थोड्या वेळाने, "सरांना मी सांगतो. त्यांना दाखवलं होतं ना, तर हेही सांगायला पाहिजे."

वहिनीला मुलगी झाली. दिवस भरून झाली, वजनही चांगलं होतं. काकींनी फोनवर मला दोनदा सांगितलं, "रडली गो, मोठ्यान रडली." बारा दिवसांनी त्या मला सोबत घेऊन शीवला गेल्या. मी जायचं टाळत होते, त्यांनी ऐकलं नाही.

बाळ दुपट्यात झोपलं होतं. वहिनी भिंतीला टेकून बसली होती. मी बाळाच्या पायाकडे बघत होते, हातांकडे, ओठांकडे. माझ्या लक्षात आलं नाही इतका वेळ बघत होते.

"मोज," वहिनी म्हणाली. "मी दहादा मोजलीत बोटं."

मी मोजली. तिने बाजूच्या जगमधून पेल्यात पाणी ओतलं, नाकाशी नेलं, वास घेतला. ही सवय तिला लागली आहे असं तिची आई नंतर म्हणाली. मग पेला माझ्यापुढे धरला.

"बघ."

मी वास घेतला. "वास नाही येत."

"चांगलं आहे?"

"मला माहीत नाही," मी म्हणाले. "तपासल्याशिवाय नाही सांगता येणार."

तिने पेला खाली ठेवला. बऱ्याच दिवसांनी तिने माझ्याकडे सरळ बघितलं. "मग तपास ना."

हल्ली मी पर्समध्ये दोन व्हायल्स ठेवते. स्वयंपाकघरात गेले आणि मोरीतला नळ पूर्ण सोडला. पाणी स्टीलच्या बादलीबाहेर उडून मोरीत जायला लागलं. मी घड्याळ बघितलं आणि हात मागे बांधले. दोन-तीन मिनिटं झाली असतील, तेवढ्यात वहिनीची आई पळत आली. "अगं बाई, नळ कुणी चालू ठेवलाय? पाणी चाललंय सगळं."

तिचा हात नळापर्यंत गेला होता.

"आई," बाहेरून वहिनीचा आवाज आला. "राहू दे. वाहू दे पाणी."